एकट्याचा झोका, सगळ्यांची धून

प्रश्न : जिन्यावर पाय पडला की पियानोचा सूर वाजतो, असा व्हिडिओ पाहिला. अशा कलाकृतींमुळे लोक व्यायामाकडे वळतात का? आणि अनोळखी माणसं ती वापरतात, तेव्हा त्यात 'मिळून केलं' असं काही असतं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तो जिना स्टॉकहोमच्या ओडेनप्लान मेट्रो स्थानकातला. २००९ साली फोक्सवॅगनच्या जाहिरात मोहिमेत सरकत्या जिन्याशेजारच्या पायऱ्यांना पियानोच्या पट्ट्यांचं रूप दिलं होतं. पायऱ्या चढणारे नेहमीपेक्षा ६६ टक्क्यांनी वाढले, असं मोहिमेनं जाहीर केलं. पण ही मोजणी नवलाईच्या काळातली. सवय लागली का, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय तिथं ज्याच्या पायाचा सूर त्याचाच. शेजारी कुणी असो-नसो, जिन्याला फरक पडत नाही.

'मिळून'चा खरा विचार मला माँट्रियलच्या '२१ झोके' या कलाकृतीत दिसतो. मौना अँड्राओस आणि मेलिसा मोंजिया यांच्या स्टुडिओनं २०११ मध्ये शहराच्या मध्यभागी एकवीस झोके ओळीनं टांगले. झोका घेतला की सूर उमटतो, आणि झोका जितका उंच तितका सूर वरचा. एकट्यानं झुलाल तर तेवढंच. शेजारचे झोके तुमच्या लयीत आले, की एकट्याला कितीही जोर लावून न मिळणारी धून सुरू होते. या रचनेसाठी त्यांनी प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लुक-आलँ जिराल्दो यांची मदत घेतली होती, कारण प्रश्न संगीताइतकाच सहकार्याचा होता. लेझीम खेळणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही : एकाची लेझीम नुसती खुळखुळते, ताफ्याची अंगात भिनते. फरक इतकाच, की इथं आधी तालीम नाही, ओळख नाही. ताल जुळवायचा तर शेजारच्याकडे बघावंच लागतं.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये २००८ साली राफाएल लोझानो-हेमर यांनी तर शरीराची आतली लयच बाहेर आणली. सेन्सरची मूठ धरली की तुमच्या नाडीप्रमाणे प्रकाशझोत लुकलुकू लागे. पुढचा माणूस आला की तुमची नाडी एक दिवा पुढे सरके. असे दोनशे झोत हिरवळीवर एकाच वेळी स्पंदत.

व्यायामाचं म्हणाल, तर झोक्यानं किंवा दिव्यानं वजन उतरेल, असं मी सांगणार नाही. ती अपेक्षा या कलेवर लादणंही अन्यायाचं. पण धून पूर्ण व्हावी म्हणून माणूस आणखी थोडा वेळ झुलतो, आणि तेही आनंदानं, हे मला मोलाचं वाटतं. आपल्या बागांमधल्या ओपन जिममध्ये यंत्रं शेजारी-शेजारी असतात, माणसं मात्र आपापल्या नादात. त्यातली दोन-चार यंत्रं सुरांनी एकमेकांना जोडून बघावीत, हा प्रयोग एखाद्या नगरपालिकेनं मनावर घ्यावा. सुरुवात तुमच्या सोलापुरातून झाली तर फारच छान.