शाळेतील जुना संगणक : साफसफाई व कळांच्या जवळच्या वाटा

विदर्भातील प्राथमिक शाळा उन्हाळ्याच्या सुटीनंतर साधारणतः जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तुमसर तालुक्याच्या उत्तर भागात, मध्यप्रदेशाच्या सीमेकडे असलेल्या नाकाडोंगरीच्या परिसरात इतके दिवस बंद राहिलेल्या वर्गखोलीचे दार उघडले म्हणजे बाकांवर, फळ्यावर व कपाटांवर धुळीचा थर बसलेला आढळतो. तोच थर कोपऱ्यातील संगणकाच्या पेटीतही शिरलेला असतो. बाकांची झाडलोट होते. पेटीची होत नाही. मग नवागत विद्यार्थ्यांची नोंद करावयास बसलेल्या शिक्षकास यंत्र सुरू होण्याचीच दीर्घकाळ वाट पाहावी लागते, ते मध्येच बंद पडते, आणि 'संगणक बिघडला' एवढा शेरा होऊन त्यावर कापड पांघरले जाते. वास्तविक अशा यंत्रांपैकी पुष्कळशी बिघडलेली नसतात, तुंबलेली असतात.

या यंत्रात काय साठविलेले आहे याचा विचार शिक्षकाने प्रथम करावा. निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या, दाखल-खारीज नोंदवहीवरून उतरविलेल्या जन्मतारखा, यू-डायस प्लसकरिता जुळविलेली माहिती ही सर्व एका तबकडीवर असते. एखाद्या मुलीच्या जन्मतारखेची नोंद चुकली वा हरवली तर पुढे दाखल्यासाठी तिच्या पालकांना हेलपाटे घालावे लागतात. यास्तव साफसफाईस हात घालण्यापूर्वी सर्व आवश्यक फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर व शक्य असल्यास दुसरी प्रत अन्य संगणकावर करून ठेवावी. हे काम झाल्याखेरीज पुढील एकही परिच्छेद अमलात आणू नये.

पेटी उघडण्यापूर्वी संगणक रीतसर बंद करून विजेची पिन भिंतीतून काढावी. हाताने एखादी लोखंडी वस्तू, उदाहरणार्थ खिडकीचा गज, स्पर्शून घ्यावी, म्हणजे अंगातील स्थितिज विद्युत निघून जाते. रंगकामाच्या कोरड्या, मऊ कुंचल्याने पंख्याची पाती व त्याखालील जाळीदार पट्ट्या हलक्या हाताने झाडाव्यात. कुंचला फिरविताना पंखा बोटाने धरून ठेवावा. ओले फडके आत नेऊ नये. पंख्याखालील जाळी धुळीने बुजली की यंत्र तापते व आपले रक्षण करण्यासाठी आपणहून बंद पडते. तासाभराने बंद पडणाऱ्या संगणकाचे दुखणे बहुधा येथेच असते. चालू करताच लागोपाठ शिट्टीसारखा आवाज येऊन पडदा काळाच राहत असेल, तर स्मृतिपट्टी, जिला रॅम म्हणतात, ती दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून काढावी व तिच्या सोनेरी दातांवर पेन्सिलीचे खोडरबर हलकेच फिरवून, कस झटकून, पट्टी पुन्हा पक्की बसवावी. विद्यार्थ्यांच्या कंपासपेटीतील हे खोडरबर दुरुस्तीचा मोठा खर्च वाचविते.

आता एका लहानशा वस्तूकडे वळावे. पेटीतील मुख्य फलकावर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी गोल बॅटरी बसविलेली असते. तिच्यावर 'सीआर २०३२' असे कोरलेले असते. यातील २० हा आकडा तिचा व्यास २० मिलिमीटर असल्याचे व ३२ हा जाडी ३.२ मिलिमीटर असल्याचे दर्शवितो. तिचा दाब ३ व्होल्ट असतो. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ हीच बॅटरी चालविते. ती काही वर्षांनी क्षीण होते आणि दोन महिन्यांच्या सुटीत, पिन काढलेली असताना, पुरती संपते. संगणक पुन्हा सुरू केला की तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यापायी शाळेचे काम अडते. शासनाच्या संकेतस्थळांना सुरक्षिततेचे प्रमाणपत्र असते व त्यावर प्रारंभाची व अखेरची तारीख असते. संगणकाचे घड्याळ मागे असेल तर ते प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अद्याप सुरूच झालेले नसते. म्हणून तो धोक्याची सूचना देऊन पान उघडण्याचे नाकारतो. शिक्षक मात्र इंटरनेटला दोष देत बसतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख प्रथम पाहावी, ती दुरुस्त करावी आणि रोज सकाळी ती पुन्हा मागे जात असेल तर बॅटरी बदलावी. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. या बॅटरीच्या पोटात लिथियमबरोबर मॅंगनीज डायऑक्साइड असते, आणि नाकाडोंगरीच्या शेजारी असलेली डोंगरी बुजुर्गची उघडी खाण त्याच खनिजाकरिता प्रसिद्ध आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला ही जुनी बॅटरी मुलांच्या हाती देण्यासारखी आहे. मात्र लहान मुले ती तोंडात घालणार नाहीत अशी दक्षता घ्यावी, कारण गिळल्यास ती प्राणघातक ठरू शकते.

बाहेरची धूळ गेली तरी आतली अडगळ उरते. 'सी' या विभागावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' व नंतर 'डिस्क क्लीनअप' निवडले म्हणजे कोणत्या प्रकारच्या निरुपयोगी फाइली किती जागा अडवून आहेत याची यादी येते. तात्पुरत्या फाइली व कचरापेटी यांपुढे खूण करण्यास हरकत नाही. तथापि विंडोज १० च्या २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीत या यादीत 'डाउनलोड्स' हे फोल्डरही घातले गेले होते. अशी आवृत्ती ज्या शाळेत आहे तेथे सर्वच चौकटींत खुणा केल्यास उतरवून ठेवलेले शासननिर्णय व भरलेले अर्ज यांचा एका क्षणात नाश होतो. म्हणून यादी वाचूनच खूण करावी. 'सी' विभागात सुमारे १५ टक्के जागा मोकळी असावी. विंडोज एक्सपीमधील फाइली सलग लावण्याची सोय त्याहून कमी जागेत नीट चालत नाही. ही फाइली लावण्याची क्रिया फिरत्या तबकडीस उपकारक आहे. नव्या प्रकारच्या, न फिरणाऱ्या एसएसडीवर ती करू नये.

पेनड्राइव्ह केंद्रशाळेतून, झेरॉक्सच्या दुकानातून व पंचायत समितीतून फिरून येतो आणि सोबत रोग आणतो. सर्व फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेली चित्रे दिसू लागली तर माहिती गेली असे समजून पेनड्राइव्ह पुसून टाकू नये. फाइली बहुधा तेथेच असतात, फक्त दडविलेल्या असतात. 'फोल्डर ऑप्शन्स'मधील 'व्ह्यू' या भागात दडविलेल्या फाइली दाखविण्याची निवड करावी व संरक्षित फाइली लपविण्याची खूण काढावी. म्हणजे खरी फोल्डरे फिकट रंगात प्रकट होतात. त्यांतील कागदपत्रे उतरवून घ्यावीत, बाणाच्या चित्रांवर मात्र चुकूनही दोनदा टिचकी मारू नये. जुन्या विंडोज एक्सपीवर पेनड्राइव्ह लावताना शिफ्ट ही कळ दाबून धरल्यास त्यातील कार्यक्रम आपोआप सुरू होत नाहीत.

आता कळांविषयी. कंट्रोलबरोबर झेड, एक्स, सी व व्ही या चार कळा कळफलकाच्या डाव्या तळाशी ओळीने बसल्या आहेत व त्यांनी अनुक्रमे केलेले काम मागे घेणे, कापणे, नक्कल करणे व चिकटविणे ही कामे होतात. कापणे व चिकटविणे ही कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधनशाळेत लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. चौघींत झेड ही शिक्षकाची खरी मैत्रीण होय. तिची सवय मुलांनाही प्रथम लावावी, म्हणजे चुकण्याचे भय जाते. निकालपत्रक करताना एक्सेलमध्ये आल्ट व बरोबरचे चिन्ह दाबल्यास वरील अंकांची बेरीज येते, कंट्रोल व अर्धविराम दाबल्यास आजची तारीख पडते. एफ २ ने फाइलीचे नाव बदलता येते. विंडोजची कळ व एल दाबून संगणकास कुलूप लावल्याशिवाय शिक्षकाने वर्गाबाहेर जाऊ नये, अर्थात त्यास परवलीचा शब्द दिलेला असला पाहिजे.

माउस बंद पडला म्हणून काम थांबविण्याचे कारण नाही. आल्ट व टॅबने एका खिडकीतून दुसरीत जाता येते, शिफ्ट व एफ १० ने उजव्या टिचकीची यादी उघडते. विंडोज कळ व डी दाबून सर्व खिडक्या मिटवाव्या, मग आल्ट व एफ ४ दाबून एंटर करावे; संगणक रीतसर बंद होतो. भिंतीवरील बटण दाबून तो बंद करण्याची रीत फाइलींस घातक आहे.

मराठी टंकनात दोन अडचणी नित्य येतात. पूर्वी निरनिराळ्या खाजगी टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतो. नवा सर्व मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. दुसरी अडचण 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतील अर्ध्या रकाराची. इनस्क्रिप्ट कळफलकावर साध्या रकाराऐवजी शिफ्ट व जे दाबून येणारा ऱ घ्यावा, त्यापुढे डी या कळेवरील पाय मोडण्याची खूण द्यावी व मग य किंवा ह लिहावा. ळ हे अक्षर शिफ्ट व एन दाबून मिळते. मुलांच्या प्रश्नपत्रिकेत 'दुसर्‍या'चे 'दुसर्या' होऊ नये एवढा आग्रह शिक्षकाने धरलाच पाहिजे.

जुन्या यंत्राची मर्यादाही ओळखावी. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अशा यंत्रावर टंकन, चित्रकला, गणिताचे खेळ व निकालपत्रक ही कामे इंटरनेटविना निर्धास्तपणे करावीत. वेतनाचे, बँकेचे अथवा विद्यार्थ्यांच्या आधारविषयक माहितीचे काम करू नये.

आणि जे यंत्र खरोखरच निकामी झाले असेल, ते परस्पर भंगारवाल्यास देऊ नये. जडसंग्रह नोंदवहीतील त्याची नोंद तपासून निर्लेखनाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. ई-कचऱ्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जावे असे सांगतात. पेटी शाळेबाहेर जाण्यापूर्वी तिच्यातील माहितीची तबकडी चार स्क्रू सोडवून काढून घ्यावी व मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवावी.