आधी नजर, मग आवाज

चि. सोनूस,

लोकलमध्ये रोज उभं राहून कंबर धरते, म्हणून घरीच व्हिडिओ लावून योगासनं सुरू करायची म्हणतेस. जरूर कर. पण कोणता व्हिडिओ चांगला हे ठरवण्याआधी दोन-तीन महिने कुणाच्या तरी नजरेखाली शिक, हा माझा आग्रह आहे. पडद्यावरच्या शिक्षकाला तू दिसत नाहीस. पश्चिमोत्तानासनात तू खुब्यातून वाकतेस की पाठीला बाक काढून नुसते हात पायांपर्यंत ओढतेस, हे तुझं तुला कळणार नाही. तुझी कंबर आधीच दुखती आहे आणि अशा ओढाताणीने ती जास्तच बिघडेल. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांनाही एकदा दाखव.

शिकायला फार लांब जावं लागणार नाही. तुझी गाडी ठाण्यावरूनच जाते. तिथे घंटाळी मित्र मंडळ आहे, १९६५ पासूनचं. अण्णा व्यवहारे यांनी तिथे योगवर्गांची घडी बसवली. त्यांचं ‘सुलभ सांघिक आसने’ हे पुस्तक घरात असू दे. ठाण्यातलंच अंबिका योग कुटीर हठयोगी निकम गुरुजींच्या परंपरेतलं, विनामूल्य शिकवणारं. त्यांची शाखा तुला सोयीची कुठे पडते, याची चौकशी कर. सकाळी तुमच्या जवळच्या शिवमंदिराकडे फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांनाही विचार. कोणता शिक्षक जवळ येऊन चूक सुधारतो आणि कोण समोर बसून नुसते आकडे मोजतो, हे वर्षानुवर्षं वर्गाला जाणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

मग घरासाठी आवाज निवड. हो, आवाजच, चित्र नंतर. व्हिडिओ लाव, डोळे मिट आणि फक्त ऐक. पाय कुठे, भार कशावर, श्वास केव्हा घ्यायचा, केव्हा सोडायचा, हे ऐकून कळतं का? आसनात असताना मान वळवून पडद्याकडे बघावं लागलं, तर ती सूचना अपुरी आहे. मी सगळ्यात जास्त बघते ते आसन सोडायला कसं सांगतात. सर्वांगासनात पाय वर न्यायला सगळेच उत्साहाने सांगतात; पाठीचा एकेक मणका टेकवत सावकाश खाली कसं यायचं हे सांगणारे थोडे. कुणी काय करू नये, हेही तो माणूस सांगतो का बघ. रक्तदाब जास्त असणाऱ्याने कपालभाती जोरात करू नये, एवढंही जो सांगत नाही, त्याचा आवाज कितीही गोड असला तरी बंद कर. मराठीतून सांगणारा मिळाला तर फारच छान. अंग ताणलेलं असताना शब्द थेट कळायला हवेत.

जपून आणि टप्प्याटप्प्याने शिकवायचं हे पथ्य मोठ्या माणसांनीही पाळलंय. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, क्ष-किरणांच्या मदतीने योगक्रिया तपासल्या आणि लिहिताना आसन किती वेळ धरायचं, ते हळूहळू किती वाढवायचं, हेही दिलं. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ च्या इंग्रजी पुस्तकात, म्हणजे मराठीतल्या ‘योगदीपिके’च्या मुळात, ३०० आठवड्यांचा क्रम आहे. जवळजवळ सहा वर्षं! लोक मात्र छायाचित्रं पाहून थेट मधलंच आसन करायला जातात. अय्यंगारांनीच पट्टा, वीट, खुर्ची, दोर यांचा आधार घेऊन ताठर शरीराला आसनात कसं आणायचं ते शिकवलं. पट्टा घ्यायला लाजू नकोस. जुनी ओढणीही चालते.

आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र शिक्षकाकडे असेल तर चांगलंच, कारण ते परीक्षा घेऊन मिळतं. पण धीर परीक्षेत मोजता येत नाही, तो वर्गातच दिसतो. योग दिनाचा सामान्य योग अभ्यासक्रम साधारण ४५ मिनिटांचा आहे आणि तो आधी सांधे मोकळे करून मगच आसनांकडे वळतो. घरी एकटीने करायला मला तो बरा वाटतो. थेट ऑनलाइन वर्ग लावलास तर मोबाइल समोर न ठेवता बाजूला ठेव, म्हणजे पाठीची रेषा शिक्षकाला दिसेल. आणि तासाभरात त्यांनी तुला नावाने एकदाही हाक मारली नाही, तर पुढच्या महिन्याची फी भरू नकोस.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देत. फरशीवर सतरंजी दुहेरी घाल. संध्याकाळच्या गर्दीतून थकून आलीस की नवं काही करू नकोस, मकरासन आणि शवासन पुरे. शवासन वेळ नाही म्हणून कापू नकोस, हवं तर एक आसन कमी कर.

रविवारी भुजंगासन करतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ मला पाठव. खांदे कानांकडे चढतात का ते बघते. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या