पासाचे पैसे आणि ह्यांची मान

नाताळच्या दिवशी थीम पार्कला जाऊ नका, असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं, दूधवाल्यानेही सांगितलं. पण लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून मुलाने हौसेने दोन पास काढून दिले होते. तारीख २५ डिसेंबर, पैसे परत मिळणार नाहीत. शिवाय रांगेची भीती लालबागकरांना कोणी घालावी? गणपतीत राजाच्या नवसाच्या रांगेत माणसं रात्र रात्र उभी असतात, ती आमच्या खिडकीखाली. आम्ही त्यांना वरून पाण्याच्या बाटल्या देतो.

पार्कचं नाव सांगत नाही. मुंबईबाहेरचं, बसने दोन-अडीच तासांवरचं. झालं त्यात त्यांच्यापेक्षा आमचाच वाटा मोठा होता. आमच्या इमारतीतली तीन जोडपी यंदा नाताळात निघालीत, जिन्यात भेटली की विचारतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

सकाळी सहाला घर सोडलं, दादरहून सातची बस धरली. साडेनऊला पोचायचो, ते पावणेबारा झाले. नाताळात निम्मी मुंबई घाटाकडे निघते आणि निम्मी अलिबागकडे. बोरघाटात गाड्या तुंबल्याची बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी आपल्याला वाटतं, ती दुसऱ्यांसाठी आहे. म्हणजे दिवसभराच्या पासातला निम्मा दिवस हायवेवरच गेला.

दारावर पिशवी तपासली. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. पासाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. माझ्या पिशवीत चिवडा गल्लीतला अर्धा किलो चिवडा. टाकायचा कसा? दोघांनी कठड्याला टेकून, भर उन्हात, जमेल तेवढा संपवला. पुढे जे घडलं त्याची सुरुवात या चिवड्यापासून झाली. असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणते.

माझं माहेर गिरगावचं. आमच्या लहानपणी नाताळ म्हणजे खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांवर टांगलेले चांदणीचे कंदील आणि ओळखीच्या घरातून रुमाल झाकून आलेलं ताट. त्यात कलकल असायचे, करंज्या असायच्या, केकचा एक तुकडा. पाळण्यांची हौस भागायची माहीमच्या उरुसाला. आकाशपाळण्याचे पैसे द्यायचे, बसायचं, पोटात गोळा आला की उतरून भजी खायची. पुढे १९८९मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड निघालं. लग्नानंतर आम्ही तिथे गेलो होतो. बोरिवलीपर्यंत लोकल, मग बस, मग खाडीतली लाँच. जाणं हीच अर्धी सहल होती.

आता मनगटाला एकदा पट्टा बांधला की दिवसभर काहीही खेळा. खुद्द अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये, १९५५मध्ये ते सुरू झाल्यावर कित्येक वर्षं दर राईडला वेगळं कुपन लागायचं. ही कुपनं १९८२मध्ये बंद झाली. एकच पास सोयीचा, यात वाद नाही. पण त्याने भागाकाराची खोड लागते. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. दुपारी दोन वाजता आमची एकच राईड झाली होती, तीही लहान मुलांची, आणि ह्यांनी तिचा दर काढला होता. त्यानंतर दिवसभर आम्ही मजा करत नव्हतो. तो दर खाली आणत होतो.

रांगेचा हिशोब आधी केला असता तर? पद्धत सोपी आहे, मला ती तिथे उभं राहून सुचली. गाडीत माणसं किती मावतात ते मोजा. एक गाडी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. आमच्या रांगेची गाडी २४ माणसांची होती आणि तीन मिनिटांनी सुटत होती. म्हणजे तासाला ४८०. कठड्यांच्या एका पट्टीत साठेक माणसं, आणि अशा बारा पट्ट्या. म्हणजे दीड तास. त्यात जादा पैसे भरलेल्यांची वेगळी रांग मधूनच आत सोडतात, तेवढे आपण आणखी मागे. हा हिशोब रांगेत शिरण्याआधी करायचा असतो. शिरल्यानंतर केला तर "आता इतका वेळ उभे राहिलोच आहोत" म्हणून पाय निघत नाही.

तर संध्याकाळी पाच. मधे थर्माकोलच्या बर्फावर घाम पुसत उभ्या असलेल्या सांताक्लॉजबरोबर फोटो झाला होता. पावभाजी झाली होती, वर ताक झालं होतं. पुढ्यात सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. त्याच्या जिन्याशी माणसाच्या उंचीचा बोर्ड: हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण, मानेचे किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी बसू नये. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, मानेचा मणका झिजलेला आहे. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर डॉक्टरांनी सांगितलेल्या.

"अहो, हे वाचलंत का?"

"अगं, असे बोर्ड आपल्या अंगाला काही लागू नये म्हणून लावतात. औषधाच्या बाटलीवर नसतं का लिहिलेलं?"

आणि मग ते वाक्य, "पासात धरलेलीच आहे ना ही राईड!" मी बसले नाही, पण अडवलंही नाही, ही माझी चूक.

चढायचा जिना एका अंगाला आणि उतरायचा दुसऱ्या अंगाला असतो, हे मला माहीत नव्हतं. मी चढायच्या जिन्याखाली उभी. ह्यांची मान उतरतानाच धरली होती. तिथल्या मुलांनी हात देऊन प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, बर्फ लावला. ह्यांचा फोन फोटो काढून काढून मेलेला, माझा लॉकरमध्ये. सरळ माहिती कक्षात जाऊन पुकारा करायला लावावा, हे पाऊण तास मला सुचलं नाही. त्या वेळात मी मनातल्या मनात ह्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी भेट झाली तेव्हा नर्सबाईंनी गोळ्या विचारल्या. गोळ्या लॉकरमध्ये, आणि लॉकरला घरी निघालेल्यांची ही रांग. परतीची बस निघून गेली. हायवेवर हात करून एसटी मिळाली, दादरला उतरलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. टॅक्सीवाल्याने विचारलं, "काका, ॲक्सिडेंट?"

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. स्नायू दुखावले होते. तीन आठवडे गळ्यात पट्टा, मग शेक आणि व्यायाम. ३१ डिसेंबरला ह्यांनी मान न वळवता, सगळं अंग वळवून टीव्ही बघितला.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पास त्यानेच काढलेले, त्यामुळे आधी गप्प होता, मग त्याने वडिलांना वहीवर काढून दाखवलं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. कोस्टर खाली येऊन वेगाने वर वळतो तेव्हा अंगावर क्षणभर तीन-चार पट भार येतो; म्हणजे मानेवर पंधरा-वीस किलोचं डोकं, तेही डावी-उजवीकडे झटके खात. १८९५मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर अगदी गोल वेढ्याचा कोस्टर बांधला होता, तेव्हा धडधाकट माणसांच्या माना दुखावल्या. पुढे १९७६मध्ये कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' आला तो पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता असलेला वेढा घेऊन. तसा आकार असला की तळाशी अंगावर येणारा भार आटोक्यात राहतो. तात्पर्य, हल्लीच्या गाड्या हिशोबाने बांधलेल्या असतात, पण तो हिशोब धड मानेचा असतो. झिजलेल्या मणक्याचा हिशोब त्या बोर्डावर असतो. ह्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "हे आधी काढून दाखवायचंस."

आता विचारणाऱ्यांना माझं सांगणं. शाळांची सुट्टी संपू द्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचा मंगळवार किंवा बुधवार धरा. सुट्टीच्या दिवशी पासही महाग असतो. दार उघडायच्या आधी पोचा आणि पोचल्या पोचल्या, सगळे पहिल्या पाळण्याशी थबकलेले असताना, पार टोकाला चालत जा. तिकडून उलटे या. मोठ्या राईड जेवणाआधी. जेवल्यावर तासभर नाटक, मिरवणूक, संथ आगगाडी असलं काही बघा.

चपलांचा मोह नको. पट्ट्याची सँडल किंवा बूट घाला. दहा-बारा हजार पावलं सहज होतात आणि उलटं करणाऱ्या राईडमध्ये सुटी चप्पल खाली कोणाच्या तरी डोक्यात जाते. गोळ्या लॉकरमध्ये ठेवायच्या नाहीत, जो राईडला बसणार नाही त्याच्या जवळ ठेवायच्या. आणि आत शिरतानाच भेटायची जागा ठरवा. दादरला कोणाला भेटायचं तर आपण इंडिकेटरखाली, अमुक जिन्याशी असं नेमकं सांगतो. पार्कात गेल्यावर मात्र "फोन करते" म्हणतो. एवढ्या गर्दीत फोन लागत नाही, लागला तर ऐकू येत नाही.

नातवंडं नेणार असाल तर आधी घरी दाराच्या चौकटीशी उभं करून त्यांची उंची मोजा. मोठ्या राईडना उंचीची अट असते. दीड तास रांगेत उभं राहून दोन सेंटीमीटरने मागे फिरवलेलं पोर मी त्या दिवशी बघितलं. त्याचे आजोबा कर्मचाऱ्याशी हुज्जत घालत होते आणि पोर टाचा उंचावून उभं होतं.

राहता राहिला बोर्डाचा विषय. आपल्याकडे तो वाचणाऱ्याला भित्रा म्हणतात. आमच्या इमारतीतल्या तिन्ही जोडप्यांतले तिन्ही पुरुष साठीच्या आसपासचे आहेत, एकाला अँजिओप्लास्टी झालेली आहे. त्यांच्या बायकांना मी वेगळं बोलावून सांगितलंय.

आम्ही पुन्हा गेलो, पुढच्या वर्षीच्या जानेवारीत, मंगळवारी. पैसे आमचे, चिवडा घरी. दुपारी एकपर्यंत पाच राईड झाल्या होत्या आणि ह्यांनी दर काढला नाही. किंवा काढला असेल तर मला सांगितला नाही. मोठ्या कोस्टरला पंधरा मिनिटांची रांग होती. माझी मान ठीक, रक्तदाब ठीक, बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचून झालेला. मी एकटीच चढले. उतरायचा जिना कुठे आहे ते आधी बघून ठेवलं होतं, त्याच्या समोरच्या बाकावर ह्यांना बसवलं होतं. मी घसा बसेस्तोवर ओरडून, केस विस्कटून खाली आले. माझी पर्स, दोघांचे फोन आणि गोळ्यांची डबी मांडीवर धरून हे बाकावर गाढ झोपले होते.