अब्राहामाचे निघणे आणि आमचे

शास्त्रपाठ : उत्पत्ति १२:१-१०

दिवाळी उलटली की जळकोटच्या डोंगराळ भागातील पुष्कळ कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. त्यांस घर सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाश्यास उपासाचे माहात्म्य सांगणे होय. मग घर सोडण्याची जी आज्ञा अब्राहामास झाली, ती कोणासाठी आहे?

अब्राहाम तेव्हा ७५ वर्षांचा होता. तो उपाशी नव्हता. हारानात त्याने मालमत्ता मिळविली होती. देवाने त्यास देश, नातलग व बापाचे घर सोडावयास सांगितले. जे सोडणे अधिक कठीण, ते शेवटी आले आहे. मूळ इब्री शब्द 'लेख लेखा' म्हणजे 'तू आपल्यासाठी नीघ'. हे निघणे अब्राहामाच्याच हिताचे होते, असा अर्थ ११ व्या शतकातील यहूदी भाष्यकार राशी ह्याने लावला. म्हणून सुखाची जागा सोडणे हा यहूदी लोकांत पहिल्या पित्याचा वारसा मानला जातो.

परंतु १० वे वचन पाहा. दुष्काळ पडला व अब्राहाम पोटासाठी मिसरात गेला. तेथे सारेवर संकट ओढवले. एकाच अध्यायात दोन निघणी आहेत : एक आज्ञेचे, एक भुकेचे. आज्ञा झाली ती सुखवस्तू अब्राहामास.

ह्याचा दाखला आपल्या मराठी मुलुखातही आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक गावोगावी तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. दिवे, पेण, किहीम ही गावे त्यांच्या दिवेकर, पेणकर, किहीमकर ह्या आडनावांत राहिली. अठराव्या शतकापासून त्यांतील पुष्कळ जण मुंबईस गेले. कंपनीच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी १७९६ साली तेथे त्यांचे पहिले सभास्थान बांधिले. घाणा सुटला, गाव सुटले. शनिवार सुटला नाही. पुढे ह्याच समाजातील डॉ. जेरुशा झिराड ह्या विलायतेस गेल्या, १९१९ साली लंडनची एम. डी. पदवी मिळवून परतल्या, आणि १९२८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. गेलेले पाऊल दुसऱ्यांच्या उपयोगी पडले, तेव्हाच ते अब्राहामाचे पाऊल झाले. कारण त्याच्या द्वारे सर्व कुळे आशीर्वादित व्हावी, असेच अभिवचन होते.

उपदेशक बंधूंनो, आम्ही आपणांसच विचारतो. मंडळीतील अर्धी घरे कुलुपबंद असता आम्ही उरलेल्या चौघांस जमवून, नेहमीच्या चटईवर बसून, नेहमीचीच प्रार्थना करितो. आमचे हारान तेच. कारखान्याच्या रानात, उसाच्या पाचटाच्या कोपीत, आपलीच माणसे थंडीत कुडकुडत असतात. त्यांची मुले शाळेस मुकतात. तेथवर एकदा तरी जाऊन यावे, मुलांची पाटी पुसली जाऊ नये म्हणून मागे राहिलेल्या आजीस हातभार लावावा, हे निघणे आमच्या वाट्याचे आहे. भुकेने निघालेल्यास वाटेत कोणी भेटावयाचा असेल, तर तो आज्ञेने निघालेलाच असावा.

मननार्थ प्रश्न
१. अब्राहामाच्या दोन निघण्यांत भेद कोणता?
२. बेने इस्राएलांनी काय सोडले, काय राखिले?
३. आपल्या गावातून ह्या हंगामात कोण गेले? त्यांच्याकडे कोण जाईल?