तागाची मुदत आणि मक्याची भूक

ज्या चुकीपायी माझ्या दोन एकर मक्याचे एक अख्खे पीक खालावले, ती निव्वळ अज्ञानातून घडली असती तर तिची कैफियत येथे मांडण्याचे प्रयोजन मला वाटले नसते. कारण अडाणी माणसाला सावध करणारे गावात पुष्कळ भेटतात. माझी चूक अर्ध्या वाचलेल्या लेखातून घडली, आणि अर्धे वाचून शहाणा झालेल्या मनुष्याच्या वाटेला गावातला कोणीही शहाणा जात नाही.

आमचे बोथ हे निजामी अमदानीत तालुक्याचे ठाणे. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला शेजारचा किनवट तालुका तुटून मराठी मुलखात गेला आणि आम्ही आहोत तेथेच राहिलो. त्यामुळे वडिलांच्या दप्तरातल्या जुन्या पावत्या उर्दूत, आजचे जमिनीच्या पहाणीचे उतारे तेलुगूत आणि घरी येणारे शेतीचे मासिक मराठीत, अशा तीन लिपींच्या आश्रयाने आमचा कुणबावा चालतो. त्या मासिकात हिरवळीच्या खतावरचा एक लेख माझ्या वाचनात आला. खरीप हंगामात रानात ताग पेरावा, फुलोऱ्यावर येताच तो गाडावा, म्हणजे जमिनीला नत्र मिळते, ती भुसभुशीत होते आणि पुढील मक्याचे पीक जोमदार येते, असा त्याचा आशय होता. लेखात चूक काही नव्हती. ‘फुलोऱ्यावर येताच’ हे शब्द मी वाचले होते. मात्र नगद पैशाचे पीक सोडून ताग पेरायचा तर तो होता होईल तेवढा वाढवून घ्यावा, असा हिशेब मी मनाशी परस्पर केला.

असा खटाटोप करण्यास कारणही तसेच होते. विहिरीजवळच्या माझ्या चार एकर काळ्या रानात खरिपाला सोयाबीन आणि त्यामागून बोअरच्या पाण्यावर रब्बीचा मका, हा क्रम दहा-बारा वर्षे अखंड चालला होता. दर खेपेस रोटाव्हेटर फिरे, वरची चार बोटे माती पिठासारखी होई आणि तिच्याखाली, साधारण एका वितीवर, पहारीलाही दाद न देणारा तव्यासारखा थर बसला होता. श्रावणात मोठी सर आली की पाणी जिरण्याऐवजी गढूळ होऊन धुऱ्यावरून ओघळून जाई. पावसाळ्यात पोचेऱ्याचा धबधबा पाहण्यासाठी लांबलांबून मंडळी आमच्या भागात येतात आणि त्या गढूळ लोंढ्याची छायाचित्रे घेतात. त्या लोंढ्याच्या रंगात माझ्या शेताचाही थोडा वाटा आहे, हे मला तेव्हा हळूहळू उमगू लागले होते.

तेव्हा अशी तजवीज केली की चारांपैकी दोन एकर रानात ताग पेरावा आणि उरलेल्या दोनांत नेहमीचे सोयाबीन. बोथच्या बाजारात ‘ताग’ म्हटल्यावर दुकानदार माझ्या तोंडाकडे पाहू लागला. ‘जनुमु’ म्हटल्यावर लगेच पोते पुढे आले. मृगाचा पाऊस पडल्यावर एकरी 10 किलो बी टाकले. ही पहिली चूक. हिरवळीसाठी एकरी 20 ते 25 किलो बी दाट टाकावे लागते, म्हणजे ताटे बारीक, लुसलुशीत राहतात. विरळ ताग मोकळेपणी फांद्या फोडतो आणि दांड्याने जाड होतो. मी बियाण्याचे पैसे वाचवले.

आश्लेषा लागल्या तेव्हा पिवळी फुले दिसू लागली. गाडण्याची वेळ तीच होती. परंतु इकडचा ऑगस्ट म्हणजे झड. काळ्या रानात माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुतत होता, मग ट्रॅक्टर कोठून जाणार? थांबलो. थांबण्यात मला खंतही वाटली नाही, कारण पीक वाढत होते आणि वाढत्या पिकाकडे पाहून शेतकऱ्याला सुखच वाटते. मघा सरल्या, पूर्वा सरल्या; ताग डोक्यावर गेला, शेंगा धरल्या, शेंगांतले बी वाजू लागले. वरच्या अंगाला ज्यांचे शेत आहे ते वृद्ध गोंड शेजारी एके दिवशी धुऱ्यावर उभे राहिले, त्यांनी एक ताट मोडून पाहिले, ते मोडेना म्हणून पिळले, आणि सालीचा लांब पांढरा धागा ओढून माझ्या हातात देत म्हणाले, “पटेल, खत पेरलं होतं की दोर?”

मी हसलो. हस्ताच्या अखेरीस पाऊस मागे सरताच भाड्याचा ट्रॅक्टर आणला. रोटाव्हेटरच्या पात्यांना तागाचे पेंढे असे वेटाळले की चालकाला वारंवार खाली उतरून कोयत्याने ते कापावे लागत होते. जमीन वरून सुकलेली दिसली तरी वितीखाली ओली होती आणि चाकांच्या मागे माती फासल्यासारखी चकाकत होती. ती चकाकी मी पाहिली आणि काम थांबवले नाही, कारण भाडे तासावर होते. त्यानंतर बरोबर आठव्या दिवशी, चित्रांत, चारही एकरांवर एकाच दिवशी, एकाच जातीचा मका लावला.

वीस दिवसांत उत्तर मिळाले. सोयाबीनच्या पाठीवरचा मका हिरवागार होता. तागाच्या पाठीवरचा फिकट, पिवळट, कोठे वीतभर तर कोठे चार बोटे. चाकांच्या दोन रेषा तर शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वहीतल्या समासासारख्या आखलेल्या दिसत होत्या. त्या रेषांत पाणी दिले की साचून राही आणि रोपे आणखी पिवळी पडत. घाबरून मी युरिया टाकला. पाने हिरवी झाली, मनाला समाधान वाटले. पण कणसे सोलली तेव्हा ती आखूड निघाली आणि दाण्यांच्या ओळी कमी भरल्या. सोयाबीनच्या पाठीवर एकरी 26 क्विंटल, तागाच्या पाठीवर 18.

असे का व्हावे, याचा उलगडा पुढे पुस्तकांतून आणि जाणत्या लोकांशी बोलून झाला. मातीतले सूक्ष्म जीव काडीकचऱ्यातील कर्ब खातात, आणि तो खाताना त्यांना स्वतःच्या देहासाठी नत्र लागते. फुलोऱ्यातल्या कोवळ्या तागात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण वीसास एक असे असते; त्यात जीवांचे पोट भरून नत्र उरते आणि ते पिकाला मिळते. हे प्रमाण पंचवीस-तीसाच्या पलीकडे गेले की हिशेब उलटतो. निबर झालेल्या काष्ठमय दांड्यात कर्ब इतका अधिक असतो की जीवांना घरचे नत्र पुरत नाही, आणि मग ते मातीत असलेले, म्हणजे मक्याच्या वाट्याचे, नत्र उचलतात. हे कर्ज बुडत नाही. काही महिन्यांनी परत येते. अडचण मुदतीची आहे. मक्याच्या कणसाला दाण्यांच्या किती ओळी असाव्यात याचा निवाडा पीक गुडघ्याएवढे असतानाच होऊन जातो, आणि त्या दिवसांत उपाशी राहिलेल्या ताटाला पुढे कितीही युरिया वाढला तरी तो निवाडा फिरत नाही.

हे केवळ माझ्या दोन एकरांचे रडगाणे नव्हे. अमेरिकेच्या मका-पट्ट्यात शरदात मक्याची काढणी झाली की उघडी जमीन झाकण्यासाठी राय नावाचे गवतधान्य पेरतात आणि वसंतात ते मारून पुन्हा मका किंवा सोयाबीन लावतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या प्रतिमांवरून अशा हजारो शेतांची तुलना करून 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की तीन किंवा अधिक वर्षे आच्छादन-पीक घेतलेल्या शेतांत मक्याचे उत्पन्न सरासरी 5.5 टक्क्यांनी आणि सोयाबीनचे 3.5 टक्क्यांनी कमी भरले. नत्राची अशी उचल आणि आच्छादनाने पिऊन टाकलेली ओल, ही त्यामागची संभाव्य कारणे सांगितली गेली. तिकडे यंत्रसामग्रीची वा सल्ल्याची वाण नसताना ही स्थिती, तर ‘ताग गाडा आणि दुप्पट पिकवा’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या बोलण्याला किती वजन द्यावे, हे वाचकांनी ठरवावे.

मग ताग सोडून द्यावा काय? मीही तेच ठरवले होते, आणि ते ठरवणे मोडले एका काचेच्या पेल्याने. पुढल्या उन्हाळ्यात तीन ठिकाणची तीन वाळलेली ढेकळे मी ओट्यावर आणली: एक सोयाबीनच्या रानातले, एक तागाच्या रानातले आणि एक कधीही औत न लागलेल्या धुऱ्यावरचे. तीन पेल्यांत पाणी घेऊन ती हलकेच आत सोडली. सोयाबीनच्या रानातले ढेकूळ घोटभर चहा होईतो बसले, पाणी काळेभोर झाले आणि तळाशी केवळ चिखल राहिला. धुऱ्यावरचे ढेकूळ संध्याकाळपर्यंत जसेच्या तसे, पाणी नितळ. तागाच्या रानातल्या ढेकळाच्या कडा ढासळल्या, पण आतला गाभा टिकला. आणि तो फोडून पाहिला तेव्हा त्यात कुजलेल्या मुळाची, सुई जाईल एवढी पोकळ नळी होती.

मातीची घडण म्हणतात ती हीच. मुळांतून पाझरणारे डिंकासारखे द्रव्य आणि बुरशीचे सूक्ष्म तंतू मातीचे कण एकमेकांशी बांधतात, त्यांचे रवे होतात, रव्यांच्या सांदीतून हवा आणि पाणी खेळते. आमची काळी जमीन फुगणारी आणि आकसणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्यामुळे ती आपली नांगरट आपणच करते असा समज आहे. तो काही अंशी खरा आहे. परंतु पहिल्या पावसात फुगून त्या भेगा मिटतात. मुळाने पाडलेली नळी मात्र पुष्कळदा तशीच राहते आणि पुढच्या पिकाचे मूळ तीच वाट धरून तव्याखाली उतरते. त्या वर्षी मृगाचा पाऊस झाला तेव्हा सोयाबीनच्या तुकड्यात पाणी थांबले आणि तागाच्या तुकड्यात मुरले. अपवाद फक्त चाकांच्या त्या दोन रेषांचा. मातीला जे मिळाले ते खरे होते, मात्र ते मक्याच्या ताटातून काढून दिलेले होते.

आमच्या भागातले जुने लोक हलकी जमीन काही वर्षे वाहून मग पडीत टाकीत. तिच्यावर गवत-झुडूप माजे आणि ती सावरे. हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 1941 पासून आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून ही रीत पाहिली आणि अशी विसाव्याला टाकलेली राने जंगलखात्याच्या हद्दीत कशी गेली तेही नोंदवले. पडीत टाकण्याइतकी जमीन आज कोणाजवळ नाही. त्या विसाव्याचे पन्नास दिवस ताग देतो, इतकाच त्याचा अर्थ मी लावतो.

तेव्हा ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांच्यासाठी माझा आजचा दस्तूर सांगतो. मी आता ताग मृगावर पेरीत नाही, पुष्यात पेरतो. दिवस लहान होऊ लागले की हे पीक लवकर फुलावर येते, उंच जात नाही, आणि त्याची वेळ पूर्वांच्या सुमारास, म्हणजे झड ओसरताना येते. आधीच्या दिवसांत त्या रानात वखराच्या दोन पाळ्या घालून तण मारून घेतो. बी दाट टाकतो आणि त्याला चवळीवर्गाचे रायझोबियम चोळतो. मुळांवर गाठी आल्या की नाही ते महिन्याने एक ताट उपटून पाहतो, आणि गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली तरच ताग नत्र बांधीत आहे असे धरतो. कळ्या पिवळ्या होताच दांड्याला अंगठ्याचे नख लावतो: नख सहज रुतले तर त्याच आठवड्यात कापणी, मग आभाळ कसेही असो. कापायला ट्रॅक्टर लागत नाही. विळ्याने कापून ताग जमिनीवरच अंथरतो आणि मुळे आत राहू देतो. अंथरलेला ताग गाडलेल्यापेक्षा सावकाश कुजतो आणि त्यातले थोडे नत्र हवेत जाते, हे मला ठाऊक आहे. पण चाकांच्या रेषांपेक्षा हा तोटा मला परवडतो. कापणी आणि मक्याची लावण यांत तीन आठवडे ठेवतो, आणि लावणीबरोबरच नत्राचा पहिला हप्ता ओळीत देतो, कारण पाहुणे जेवत असताना घरचे मूल उपाशी राहता कामा नये.

ज्यांना खरीप रिकामा ठेवणे परवडत नाही, आणि बहुतेकांना ते परवडणार नाहीच, त्यांनी मूग पेरावा, दोन तोडे घ्यावेत आणि वेल तेथेच कापून पसरावा. जमिनीला तागाइतके मिळणार नाही, पण घरात डाळ येईल. ज्यांच्या बोअरचे पाणी माघातच आटते त्यांनी पेरलेला ताग पस्तीस दिवसांतच कापावा, कारण तो उभा राहील तितकी ओल पितो. आणि कोणत्याही कारणाने मुदत टळून ताग निबर झालाच, तर तो मातीत घालण्याच्या फंदात पडू नये. कापून उकिरड्यावर शेणात कुजवावा, नाहीतर भिजवून दोर वळावेत. माझ्या शेजाऱ्यांनी त्या वर्षी माझ्या शेतातून दोन भारे नेले होते. त्यांचे कासरे झाले, आणि चांगले झाले.

गेल्या तीन हंगामांत दोन्ही तुकड्यांचे उत्पन्न जवळपास सारखे भरते आहे. तागाच्या तुकड्याला पाण्याची एक पाळी कमी लागते. यापेक्षा मोठा नफा मला अजून दिसलेला नाही आणि दिसल्याचे मी सांगणार नाही. चाकांच्या त्या दोन रेषा पहिल्या पावसानंतर अजूनही ओळखू येतात. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी मृगात यावे, आणि आपल्या रानात ताग पेरण्यापूर्वी यावे; पेरलाच तर पहिल्या वर्षी अर्ध्या एकराच्या पुढे जाऊ नये.