संगणकाच्या हिशेबांतील छुपे दोष व त्यांचा शोध

शेतीच्या प्रयोगांचे आकडे वहींत लिहून हातानें बेरीज करण्याची पद्धत आतां बहुतेक ठिकाणीं मागें पडली आहे. मातीच्या परीक्षेचे निकाल, पावसाचें मोजमाप, वाणांची तुलना, सोसायटीच्या मालाचा हिशेब हीं कामें संगणकावर होतात. संगणक बेरजेंत चुकत नाहीं असा सार्वत्रिक समज आहे, व तो एका अर्थानें खराही आहे. परंतु यंत्राला दिलेली आज्ञा सदोष असली, अथवा लिहिलेल्या अक्षरांचा यंत्रानें भलताच अर्थ घेतला, तर तीच बिनचूक बेरीज चुकीच्या आकड्यांवर होते. असा दोष कसा ओळखावा व त्याचें मूळ कसें शोधावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

हे दोष दोन जातींचे असतात. कांहीं उघड असतात: यंत्र अडतें, पडद्यावर तक्रार उमटते व काम थांबतें. विहिरीवरील इंजिन बंद पडलें कीं पाटाचें पाणी थांबतें आणि मालक धांवत जातो, तसेंच हें आहे. ह्यांत वेळ जातो, पण फसगत होत नाहीं. दुसरी जात वाईट. तींत यंत्र न अडतां उत्तर देतें, तें उत्तर दिसण्यांत ठीक असतें, आणि तें खोटें असतें. खोडकिडा लागलेलें ज्वारीचें ताट पोंगा वाळेपर्यंत हिरवेंच दिसतें; तोंपर्यंत आंत किडा आपलें काम करीत असतो.

तारखा बनलेलीं नांवें

ह्या दुसऱ्या जातीचें प्रसिद्ध उदाहरण जीवशास्त्रांतील आहे. मनुष्याच्या शरीरांतील जनुकांना शास्त्रज्ञांनीं आंखूड नांवें दिलेलीं आहेत. सेप्टिन नांवाच्या वर्गांतील जनुकांना ‘सेप्ट १’, ‘सेप्ट २’ अशीं, तर दुसऱ्या एका वर्गांतील जनुकांना ‘मार्च १’, ‘मार्च २’ अशीं नांवें होतीं. हीं नांवें रोमन अक्षरांत एक्सेल ह्या कोष्टकांच्या आज्ञावलींत घातलीं कीं ती त्यांना तारखा समजे, व ‘सेप्ट २’ च्या जागीं २ सप्टेंबर मांडून मोकळी होई. हा दोष इ. स. २००४ मध्येंच छापून प्रसिद्ध झाला होता. तरीही इ. स. २०१६ मध्यें तपासणी झाली तेव्हां, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकीं सुमारें एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. हजारों नांवांच्या यादींत दोनचार तारखा डोळ्यांस दिसत नाहींत, हेंच त्याचें कारण. शेवटीं जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें इ. स. २०२० मध्यें नवे नियम प्रसिद्ध केले व ‘सेप्ट २’ चें ‘सेप्टिन २’ झालें. हें आपोआप होणारें रूपांतर बंद ठेवण्याची सोय एक्सेलच्या कर्त्यांनीं इ. स. २०२३ मध्यें दिली.

क्रम बदलला, उत्तर बदललें

दुसरें उदाहरण रसायनशास्त्रांतील असून तें शोधाची रीत शिकविणारें आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतील विलोबी, होय वगैरे शास्त्रज्ञांनीं इ. स. २०१४ मध्यें पायथन भाषेंतील कांहीं छोट्या आज्ञावली प्रसिद्ध केल्या. रेणूची रचना ओळखण्यास लागणारें गणित त्या करीत, व अनेक संशोधक त्या वापरीत. इ. स. २०१९ मध्यें हवाई विद्यापीठांतील संशोधकांनीं त्याच आज्ञावली, तेच आकडे घेऊन, निरनिराळ्या संगणकांवर चालविल्या. विंडोज १० व मॅकची मॅव्हरिक्स आवृत्ति ह्यांवर उत्तर १७३.२ आलें, मॅकच्या मोहावे आवृत्तीवर १७२.७, आणि उबुंटू १६ वर १७२.४. फरक एकाहून कमी. पण अशा कामांत तेवढ्या फरकानें रचनेचा निर्णय फिरूं शकतो.

कारण साधें होतें. आज्ञावलीला अनेक फाईली जोडीजोडीनें वाचावयाच्या होत्या. त्या ठराविक क्रमानें हातीं येतील असें तिनें गृहीत धरलें होतें. परंतु हा क्रम प्रत्येक संगणक आपापल्या रीतीनें लावतो, आणि पायथनमधील ती सोय क्रमाची हमी देत नाहीं. एका हातांत वाफ्यांना दिलेल्या खतांच्या चिठ्ठ्या व दुसऱ्या हातांत उत्पन्नाच्या वजनांच्या चिठ्ठ्या असाव्या, आणि त्यांतील एक गठ्ठा पिसला जावा, तसा हा प्रकार झाला. फाईली वाचण्यापूर्वीं क्रमानें लावून घेणें, एवढाच त्यावर उपाय होता. दोष सांपडला तो मात्र आकडे व आज्ञावली तींच ठेवून फक्त यंत्र बदलल्यामुळें. शेतावरील प्रयोगाचाही हाच नियम आहे.

आपल्या नोंदींत हेंच कसें घडतें

हे प्रकार दूरदेशींचे म्हणून सोडून देण्याजोगे नाहींत. १०-२६-२६ हें खत आपल्या परिचयाचें आहे. ज्या संगणकांत महिना आधीं व दिवस नंतर अशी मांडणी ठेवलेली असते, तेथें हा आंकडा इंग्रजी अंकांत लिहिला कीं एक्सेल त्याची २६ ऑक्टोबर २०२६ ही तारीख करतें, व पोटांत ४६३२१ हा अंक ठेवतें. १२-३२-१६ अथवा १९-१९-१९ ह्यांची तारीख होऊं शकत नाहीं, म्हणून तीं नांवें तशींच राहतात. मग खतवार सरासरी काढतांना एकाच खताचे वाफे हिशेबांतून गळतात, आणि कोणी तक्रारही करीत नाहीं. सर्व्हे नंबर १२ चा हिस्सा ३ हा १२/३ असा लिहिला तर एका संगणकावर त्याचा १२ मार्च होतो व दुसऱ्यावर ३ डिसेंबर.

तिसरा प्रकार शून्याचा. एका वाणाच्या चार वाफ्यांपैकीं एकाचें पीक जनावरांनीं खाल्लें म्हणून त्याचें वजनच झालें नाहीं. बाकीच्यांचें उत्पन्न एकरीं १८, २० व २२ क्विंटल आलें. खरी सरासरी २० क्विंटल. पण न मोजलेल्या वाफ्यापुढें कोणी शून्य लिहिलें, तर यंत्र १५ क्विंटल सरासरी देईल, व चांगला वाण हलका ठरून टाकला जाईल. मोजमाप झालें नाहीं व उत्पन्न कांहींच आलें नाहीं, ह्या दोन गोष्टी यंत्राला निरनिराळ्या खुणांनीं सांगितल्या पाहिजेत.

शोधाची रीत

१. मूळ नोंद कधींही बदलूं नये. तिची नक्कल करावी व सर्व खटपट त्या नकलेवर करावी.

२. दोष पुन्हां घडवून आणावा. कोणतें यंत्र, आज्ञावलीची कोणती आवृत्ति व कोणती यादी होती, हें लिहून ठेवावें. पुन्हां घडवितां येत नाहीं तो दोष दुरुस्त झाला असें म्हणतां येत नाहीं.

३. चारपांच ओळींची यादी करून तिचें उत्तर आधीं हातानें काढावें व मग तीच यंत्राला द्यावी.

४. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. खत, बी व पाणी हीं तिन्ही एकदम बदलणाऱ्याला उत्पन्न कशानें वाढलें हें सांगतां येत नाहीं.

५. यादी मोठी असल्यास ती अर्धी करून पाहावी. दोष ज्या अर्ध्यांत असेल तें पुन्हां अर्धें करावें. ८०० ओळींपैकीं एक ओळ सदोष असल्यास ती ह्या रीतीनें फार तर दहा खेपांत हातीं लागते.

६. प्रत्येक पायरीच्या आधीं व नंतर ओळी मोजाव्या, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा आंकडा पाहावा. इ. स. २०२० मध्यें इंग्लंडांत कोरोनाच्या साथींत जुन्या जातीच्या फाईलींतील ओळींची मर्यादा संपली, व १५,८४१ रोग्यांची नोंद वेळेवर पुढें गेली नाहीं. ओळींची मोजणी असती तर ही गळती लागलीच दिसली असती.

७. खतांचीं नांवें, सर्व्हे नंबर व नमुन्यांचे क्रमांक भरण्यापूर्वीं तो रकाना ‘अक्षरांचा’ म्हणून ठरवून घ्यावा. मागाहून ठरवून उपयोग नाहीं. झालेली तारीख परत खताचें नांव होत नाहीं.

८. दोष सांपडल्यावर त्या आज्ञावलीच्या कर्त्यास कळवावें, आणि पूर्वीं काढलेले निकालही नव्यानें तपासावे.

उत्तर मनाजोगें आलें म्हणजे कोणी तपासीत नाहीं, व मनाविरुद्ध आलें म्हणजे सर्व जण तपासतात. ही मनुष्याची खोड यंत्राच्या दोषाहूनही घातक आहे. कोष्टकांतील चूक पुसून टाकण्यास क्षणही लागत नाहीं, पण त्या कोष्टकावर विसंबून घातलेलें खत व पेरलेला वाण ह्यांचा निकाल लागण्यास एक हंगाम जातो, आणि गेलेला हंगाम परत येत नाहीं. ह्याकरितां पेरणीपूर्वीं बियाण्याची उगवण जशी आपण मूठभर दाण्यांवर पाहून घेतों, तशी प्रत्येक हिशेबाची परीक्षा थोड्या ओळींवर आधीं करून घ्यावी, अशी वाचकांस आमची आग्रहाची सूचना आहे.