ऑझच्या देशात पुन्हा एकदा

आवडती गोष्ट संपली की ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न मुलांच्या ओठी आल्यावाचून राहत नाही. प्रश्न साधा; परंतु त्याचे उत्तर देणे मोठे कठीण. अमेरिकेतील लेखक लायमन फ्रँक बॉम यांना या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आणि त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी वॉल्टर मर्च या चित्रपट-दिग्दर्शकालाही तेच करावे लागले.

बॉम यांचे ऑझ देशाच्या जादूगाराविषयीचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. कॅन्ससच्या उजाड माळरानावर काका-काकूंजवळ राहणारी डोरोथी ही अनाथ मुलगी चक्रीवादळात घरासकट उडून जाते आणि ऑझ नावाच्या अद्भुत देशात उतरते. तेथे तिला एक बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि एक भित्रा सिंह असे तीन जिवलग सोबती भेटतात. ही कथा मुलांना इतकी आवडली, की लेखकाकडे त्यांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. एक मुलगी तर दूरचा प्रवास करून त्यांना भेटावयास आली. हजार मुलींनी हजार पत्रे लिहून मागणी केली तर पुढची गोष्ट लिहीन, असे बॉम यांनी तिला सांगितले. पत्रे आली आणि १९०४ साली दुसरे पुस्तक निघाले. नवल असे, की त्यात डोरोथी नव्हतीच! ती परतली १९०७ सालच्या तिसऱ्या पुस्तकात. अशी एकूण चौदा पुस्तके बॉम यांनी लिहिली.

१९३९ साली पहिल्या पुस्तकावर निघालेला बोलपट जगभर गाजला. त्यात सुंदर गाणी होती. रंगीत चित्रपटाचे तेव्हा अप्रूप असल्यामुळे पुस्तकातील डोरोथीचे रुपेरी बूट पडद्यावर माणकांसारखे लाल झाले. परंतु याहून मोठा बदल शेवटी होता. पुस्तकात ऑझ हा खराखुरा देश आहे. डोरोथी परत येते तेव्हा वादळात गेलेल्या घराच्या जागी काकांनी नवे घर बांधलेले असते, आणि जादूचे बूट वाटेत गळून पडल्यामुळे तिच्या पायांत नुसते मोजे असतात. चित्रपटात मात्र ती अंथरुणावर जागी होते आणि सारा प्रवास स्वप्न ठरतो. पुढे दूरचित्रवाणीवर हा बोलपट वर्षानुवर्षे दाखवला गेला. त्यामुळे असंख्य लोकांच्या मनात ऑझ म्हणजे हा चित्रपट, असे समीकरण होऊन बसले.

पुढची कथा पडद्यावर आणण्याचे काम वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने वॉल्टर मर्च यांच्याकडे सोपवले आणि १९८५ साली ‘रिटर्न टू ऑझ’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. मर्च हे चित्रपटांचे संकलन आणि ध्वनियोजना यांत निष्णात होते. त्यांच्यापुढे पेच असा होता, की इमान कोणाशी राखावे? बॉम यांच्या पुस्तकांशी, की प्रेक्षकांच्या मनात घर करून बसलेल्या जुन्या बोलपटाशी?

त्यांनी विचारपूर्वक निवड केली. दुसऱ्या पुस्तकातून भोपळ्याच्या डोक्याचा जॅक घेतला. तिसऱ्यातून बिलिना ही बोलकी कोंबडी आणि खडकांखाली राज्य करणारा नोम राजा घेतला. दुसऱ्या पुस्तकातील मॉम्बी ही जादूगारीण आणि तिसऱ्यातील तीस मस्तके आळीपाळीने बदलणारी गर्विष्ठ राजकन्या या दोघींचे त्यांनी एकच पात्र केले. दोन पुस्तके एका चित्रपटात बसवायची तर अशी काटछाट अपरिहार्यच होती. तिसऱ्या पुस्तकात नोम राजापाशी जादूचा कमरपट्टा असतो. चित्रपटात त्याच्या जागी लाल बूट आले. कारण प्रेक्षकांना ते ओळखीचे होते. हे बूट जुन्या बोलपटाच्या निर्मात्यांची मालमत्ता असल्यामुळे ते वापरण्यासाठी पैसे मोजावे लागले. डोरोथी मात्र मर्च यांनी पुस्तकातल्यासारखीच लहान निवडली. जुन्या बोलपटातील नटी सोळा वर्षांची होती. या डोरोथीचे वय दहाच्या आसपास होते.

तिसऱ्या पुस्तकातील टिक-टॉक हा तांब्याचा यंत्रमानवही त्यांनी घेतला. विचार, वाचा आणि कृती यांसाठी त्याला तीन निरनिराळ्या किल्ल्या द्याव्या लागतात. आपल्याकडे ‘काया, वाचा, मने’ म्हणतात, त्याचेच हे गमतीदार रूप नव्हे काय? या यंत्राच्या पोटात एक कसरतपटू शरीराची घडी करून बसे आणि लहानशा पडद्यावर बाहेरचे दृश्य पाहत उलटा चाले. नोम राजाचे खडकाळ रूप दाखवताना चिकणमातीची आकृती किंचित हलवून एकेक चित्र टिपले जाई. पडद्यावरील एका सेकंदासाठी अशी चोवीस चित्रे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कारागिरांच्या चिकाटीची कल्पना येते.

मर्च यांनी कथेत स्वतःचीही भर घातली. डोरोथी ऑझविषयी बोलते, परंतु घरी कोणाचाच विश्वास बसत नाही. तिला झोप येईना, म्हणून काळजीने काकू तिला एका डॉक्टरांकडे नेते, आणि तेथे विजेच्या यंत्राने उपचार करण्याचे ठरते. हा प्रसंग बॉम यांनी लिहिलेला नाही. तथापि जुन्या बोलपटाने ऑझला स्वप्न ठरवल्यामुळे जो प्रश्न उभा राहिला होता, त्याला मर्च यांनी येथे हात घातला. मूल खरे सांगते आणि मोठी माणसे त्याला आजारी समजतात, तेव्हा त्या मुलाने काय करावे? डोरोथी आपले म्हणणे सोडत नाही. शेवटी तिच्या खोलीतील आरशात ऑझची राजकन्या दिसते, आणि प्रेक्षकाला जे समजायचे ते समजते.

चित्रपटगृहात मात्र या चित्रपटाला यश लाभले नाही. गाण्यांच्या आशेने आलेल्या लोकांना ओसाड पाचूनगरी आणि दगड झालेली माणसे पाहावी लागली. लहान मुलांना तो भीतिदायक वाटला, आणि ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. दृश्यचमत्कृतीसाठी ऑस्कर पारितोषिकाच्या नामांकनात त्याचा समावेश झाला, परंतु मर्च यांनी त्यानंतर दुसरा कथापट दिग्दर्शित केला नाही. पुढे हळूहळू या चित्रपटाला चाहते मिळत गेले. बॉम यांची पुस्तके ज्यांनी वाचली होती, त्यांतील अनेकांना आपले ऑझ येथे भेटले.

पुस्तकाचा चित्रपट झाला की ‘हे बदलले, ते गाळले’ असे आपण चटकन म्हणतो. बदल हा स्वतः दोष नव्हे. बूट रुपेरी असोत की लाल, त्याने डोरोथी बदलत नाही. पाहायचे असते ते हे, की बदल कशासाठी केला आणि तो करताना कथेचा प्राण राखला की नाही. दुबळ्या सोबत्यांना न सोडणारी आणि डोळ्यांनी पाहिलेले नाकारण्यास तयार नसलेली लहान मुलगी, हा या कथेचा प्राण होय. तो मर्च यांनी राखला, आणि त्याची किंमतही मोजली.

स्वाध्याय

१. बॉम यांनी दुसरे पुस्तक का लिहिले?
२. पहिले पुस्तक आणि १९३९ चा बोलपट यांच्या शेवटांत कोणता फरक आहे?
३. कमरपट्ट्याच्या जागी लाल बूट का आले?
४. तुम्ही वाचलेल्या एखाद्या कथेवर चित्रपट काढायचा झाल्यास त्यात काय बदलाल आणि काय मुळीच बदलणार नाही, ते कारणांसह लिहा.